जांभळ्या भिंतींची निळी खोली

उन्हात लावलेलं छापील पोस्टर एकदम फिकं पडत नाही, रंगारंगानं पडतं. आधी पिवळा आणि मॅजेंटा, म्हणजे छपाईतला गुलाबी-लाल, उडतात; सायन, म्हणजे छपाईतला निळा, आणि काळा तग धरून राहतात. म्हणून सलूनच्या काचेवरची नटी एकदोन उन्हाळ्यांत निळी पडते आणि निवडणूक होऊन गेल्यावर खांबावर राहिलेल्या उमेदवाराच्या कपाळावरचा टिळा त्याच्याआधी नाहीसा होतो. पुण्यात ऑफसेटच्या धंद्यात माझा जन्म गेला. प्लेटमेकिंग, प्रूफिंग, मशीनशेजारी उभं राहून रंगांची जुळवणी. त्यामुळे रस्त्यानं जाताना मला माणसांआधी पोस्टरं दिसतात आणि पोस्टरात आधी उडालेला रंग दिसतो. बायको याला रोग म्हणते.

हा रोग मी शिकागोलाही बरोबर नेला. मुलगी तिथल्या एका उपनगरात राहते. तिच्याकडे गेलो की झोप ताळ्यावर आल्यावर माझा पहिला हट्ट असतो तो मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवरच्या आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाचा. आपल्याकडचे पाहुणे तिथे आधी विवेकानंदांची जागा शोधतात. ११ सप्टेंबर १८९३ ला ते ज्या धर्मपरिषदेत बोलले ती याच इमारतीत भरली होती. ज्या तात्पुरत्या सभागृहात ते बोलले ते आता नाही. मात्र २०१० साली मुंबईच्या जितीश कल्लट या चित्रकारानं त्या भाषणाची अक्षरं इथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उमटवली होती. मी जाईपर्यंत तेही उतरवलेलं होतं. एकूण काय, जिना रिकामा होता आणि मी वर गेलो.

वर जी चित्रं बघायला मी जातो, त्यांतली बरीचशी एकाच घरातून आलेली आहेत. फ्रेडरिक बार्टलेट हा स्वतः चित्रकार, घरचा गडगंज. त्यानं आणि त्याची बायको हेलन बर्च बार्टलेट हिनं मिळून १९२० च्या दशकात फ्रेंच चित्रं घेतली. १९२५ मध्ये हेलन गेली. पुढच्याच वर्षी त्यानं तिच्या नावानं संग्रह म्युझियमला देऊन टाकला. त्यात झॉर्झ स्यूराचं 'ला ग्रांद जात', व्हॅन गॉगची 'बेडरूम', सेझानची 'सफरचंदांची टोपली'; मागाहून लोत्रेकचं 'मुलँ रूझमध्ये'. यांपैकी एखादं चित्र दारी आहे म्हणून अख्खी शहरं मिरवतात. इथे एका नवराबायकोच्या आवडीनं सगळी एका छपराखाली आली.

या मंडळींना पोस्ट-इम्प्रेशनिस्ट, म्हणजे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या नंतरचे, म्हणतात. नाव लंडनचा कलासमीक्षक रॉजर फ्राय यानं १९१० च्या प्रदर्शनासाठी लावलं. व्हॅन गॉग १८९० मध्ये गेला, स्यूरा १८९१ मध्ये, लोत्रेक १९०१, गोगँ १९०३, सेझान १९०६. म्हणजे लेबल चिकटलं तेव्हा तक्रार करायला कोणी शिल्लक नव्हतं. माझ्या मते यांचं एकमेकांशी फारसं पटलंही नसतं. पण एक गोष्ट सगळ्यांत आहे: रंग लावताना तो कसा लावला हे लपवायची त्यांना गरज वाटत नाही. आमच्यासारख्या कारागिराला असल्या चित्रासमोर आपल्याच धंद्यातल्या माणसाशी बोलल्यासारखं वाटतं.

'ग्रांद जात' हे चित्र आहे सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. पॅरिसजवळ सेन नदीतल्या बेटावरची रविवारची दुपार. छत्र्या, कुत्री, साखळीला बांधलेलं माकड, पाठीला उंचवटा आलेल्या झग्यातल्या बायका, डावीकडे पाइप ओढत पसरलेला बिनबाह्यांचा गडी. सगळे असे ताठ की एकमेकांशी बोलत असतील यावर विश्वास बसत नाही. मधोमध पांढऱ्या झग्यातली एक लहान मुलगी तेवढी सरळ आपल्याकडे बघते. ठिपक्यांचं चित्र म्हणून हे जगभर माहीत आहे, आणि प्रेसमधल्या माणसाला ठिपक्यांचं काय कौतुक सांगणार? कॅलेंडर आम्ही इंचाला ठिपक्यांच्या दीडशे किंवा पावणेदोनशे ओळींच्या स्क्रीनवर छापतो. या ओळी प्रत्येक रंगाला वेगळ्या कोनात: सायन १५ अंशांत, मॅजेंटा ७५, काळा ४५, पिवळा शून्यावर, नाहीतर ठिपके एकमेकांत अडकून जाळी दिसायला लागते. भिंगाखाली बघितलं तर नटीच्या गालावर फुलांच्या पाकळ्यांसारखी ठिपक्यांची चक्रं दिसतात. स्यूरा म्हणजे हाच प्रकार हातानं, अशी माझी आपली समजूत.

जवळ गेल्यावर निराळंच दिसलं. गवतात ठिपके आहेत, पण त्यांच्याखाली आडव्या-तिरप्या छोट्या फटकाऱ्यांचा थर आहे. पाण्यावर फटकारे आडवे, झाडाच्या बुंध्यावर बुंध्याच्या दिशेनं, झग्यावर झग्याच्या घोळाबरोबर वळणारे. १८८४ मध्ये त्यानं चित्र सुरू केलं ते असं. ठिपक्यांचा थर १८८५-८६ च्या फेरीत वर आला, आणि काठाची रंगीत ठिपक्यांची किनार आणखी दोनतीन वर्षांनी. आमच्या ठिपक्याला दिशा नसते, मत नसतं. याच्या प्रत्येक ठिपक्याला शेजार माहीत आहे. किनारीकडे बघा: चित्रातला लगतचा भाग जसा बदलतो तसा किनारीचा रंग बदलत जातो, नेमका विरुद्ध होत. मी खिशातून भिंग काढायच्या बेतात होतो तेवढ्यात रक्षक बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, "सर, वन स्टेप बॅक प्लीज." मुलगी कुजबुजली, "बाबा, अहो, आत टाकतील तुम्हाला."

मागे सरकल्यावर जे दिसलं त्यानं मी खरा थक्क झालो. माणसांच्या कडा बघत होतो. अंगाची उजळ बाजू जिथे संपते तिथे मागचं गवत किंचित गडद केलेलं आहे. अंगाची काळी बाजू जिथे संपते तिथे मागचं पाणी किंचित उजळ. प्रत्येक आकृतीभोवती एक पुसट वलय. ज्यांनी जुन्या ड्रम स्कॅनरवर काम केलंय त्यांना ही करामत लगेच ओळखू येईल. अनशार्प मास्किंग! चित्र धारदार दिसावं म्हणून कडेच्या एका अंगाला उजळ आणि दुसऱ्या अंगाला गडद रेघ मशीन आपोआप घालतं. जास्त झालं तर गिऱ्हाईक म्हणतं की माणसं कापून चिकटवल्यासारखी दिसतात. स्यूराची माणसं कापून चिकटवल्यासारखी दिसतात असं समीक्षक सव्वाशे वर्षं म्हणत आले आहेत. यंत्र यायच्या कितीतरी आधी या पंचविशीतल्या पोरानं ते डोळ्यानं ओळखलं, ब्रशानं केलं आणि थोडं जास्तच केलं. त्यानं चित्र बिघडलं का? मला नाही वाटत. त्या जास्तीमुळेच ती दुपार थिजून राहिली आहे.

हे सगळं त्यानं शून्यातून काढलं नाही. मिशेल शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. भिंतीवरचे विणलेले पडदे बनवण्याचा हा सरकारी कारखाना. तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्या विणकामात मेलेला दिसतो. शेव्हरलनं तपासलं तर रंगात काही खोट नव्हती. खोट शेजाऱ्यात होती. निळ्याजवळ काळा धागा ठेवला की डोळाच त्याचं तेज काढून घेतो. यातून त्यानं रंगांच्या परस्परविरोधाचा नियम बांधला आणि १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ छापला. माणूस १०२ वर्षं जगला. 'ग्रांद जात' १८८६ च्या मे महिन्यात इम्प्रेशनिस्टांच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा हा अजून हयात होता.

आमच्या मशीनवरचा एक नेहमीचा तंटा मला शेव्हरल वाचल्यावर कळला. साड्यांच्या जाहिरातीचं काम असायचं. मालक पैठणीचा तुकडा घेऊन यायचे आणि शीटशेजारी धरून म्हणायचे, हा लाल तुमचा बसलेला नाही. आम्ही मॅजेंटा वाढवायचो, पिवळा मारायचो, पुन्हा वाढवायचो. मशीनमन वैतागून म्हणायचा की शेठ, लाल बरोबर आहे. आणि तो खरंच बरोबर असायचा. साडीच्या मागे डिझायनरनं हिरवी भिंत टाकलेली असायची आणि लाल त्या हिरव्यामुळे पेटायचा. तुकडा मात्र शेठच्या पांढऱ्या झब्ब्यावर. भांडण दोन लालांचं नव्हतंच.

आता त्या गवताविषयी. ऊन पडलेल्या हिरवळीवर स्यूरानं झिंक यलो नावाचा तेव्हाचा नवा, झळाळता पिवळा वापरला. तो टिकला नाही. काही वर्षांतच मळकट तपकिरी पडला. १८९२ मध्ये, म्हणजे स्यूराला जाऊन एक वर्ष झालं तेव्हाच, त्याचा पाठीराखा समीक्षक फेलिक्स फेनेआँ यानं लिहून ठेवलं की या चित्राची झळाळी गेली. म्हणजे जो माणूस प्रत्येक ठिपक्याचा शेजार मोजून-मापून ठरवत होता, त्याच्या गणितातला एक आकडा मागाहून आपोआप बदलला. आज त्या गवतात जे तपकिरी ठिपके दिसतात ते एकेकाळी सूर्य होते. २००४ मध्ये म्युझियमनं संगणकावर मूळ रंग परत आणून पाहिले. त्यात हिरवळ जवळजवळ लिंबासारखी उजळते आणि सावली एकदम खोल जाते.

हे चित्र म्युझियमच्या बाहेर फक्त एकदा गेलं. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला, आणि तिथे नेमकी आग लागली. मोनेचं एक मोठं चित्र जळालं, एक कामगार दगावला. 'ग्रांद जात' वाचवून शेजारच्या इमारतीत हलवलं. त्यानंतर शिकागोनं ते कोणाला दिलेलं नाही. मी असतो तर मीही दिलं नसतं.

लोत्रेकजवळ मला घरच्यासारखं वाटतं. त्याचं कारण दगड. शिळाछापाचा चुनखडी दगड मी उमेदवारीच्या काळात एका जुन्या प्रेसच्या अंगणात पालथा पडलेला पाहिला होता. त्यावर बाया धुणं आपटत. लोत्रेक अशा दगडावर थेट काढायचा. दात घासायच्या ब्रशानं शाई उडवून दगडावर तुषार पाडायचा, आणि त्या तुषारांतून करडा, धुरकट रंग मिळवायचा. १८९१ चं त्याचं 'मुलँ रूझ'चं पोस्टर पॅरिसच्या भिंतींवर लागलं. त्याच्या आधीपासूनच आपल्या पुण्यात चित्रशाळा प्रेस देवादिकांची रंगीत चित्रं दगडावरून छापत होता. तो सुरू झाला १८७८ मध्ये. आणि १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना उभा राहिला, जर्मन कारागिरांसकट. तिथे लक्ष्मीच्या गालावरची लाली हातानं ठिपके देऊन उतरवली जायची. पॅरिसमध्ये कॅबरेतली नाचणारी, मुंबईत कमळातली लक्ष्मी. दगड, तेल, पाणी आणि शाई तीच.

'मुलँ रूझमध्ये' हे मात्र तैलचित्र. टेबलाभोवती मंडळी बसलीत, मागे बुटका लोत्रेक स्वतः त्याच्या ताडमाड मामेभावाबरोबर चाललाय. आणि उजव्या काठाला, अगदी आपल्या अंगावर येत, एक बाई. तोंडावर खालून उजेड पडलाय आणि तोंड हिरवं आहे. ओठ लाल, केस पिवळे, कातडी हिरवी. कोण्या एका शहाण्यानं चित्राचा हा भाग कापून काढला होता, बहुधा ही बाई भिववते म्हणून. पुढे तो परत जोडला गेला. जोड नीट बघितला तर दिसतो. मला त्या हिरव्यात भूत दिसलं नाही. मला दिसला दिव्याखाली उभा असलेला, थकलेला, कामावरचा माणूस. प्रेसमध्ये रात्रपाळीला जुन्या ट्यूबलाइटखाली आमची तोंडं अशीच हिरवी दिसत. आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो.

गोगँ मी भराभर बघतो. इथे त्याचं १८९३ चं तेहामानाचं चित्र आहे, जाड तागाच्या कापडावर, पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली ताहितीतली मुलगी. त्याच्या स्वतःच्याच लिखाणाप्रमाणे ती तेरा वर्षांची होती आणि तो चाळिशी उलटलेला. रंग अप्रतिम आहेत, हे नाकारायचं नाही. पण त्या मुलीच्या डोळ्यांत मला जे दिसतं ते बघून झग्याच्या निळ्याकडे नजर ठरत नाही. अमृता शेरगिलनं पॅरिसमध्ये १९३४ साली स्वतःलाच ताहितीतल्या बाईच्या रूपात रंगवलं, उघड्या अंगानं, हात पुढे बांधलेले, मागे एका पुरुषाची सावली. गोगँला द्यायचं उत्तर तिनं देऊन ठेवलं आहे, मी वेगळं काय लिहिणार.

सेझानसमोर मुलगी म्हणाली, "हे तिरकं नाही का वाटत?" वाटतं ना. टेबलाची पुढची कड डाव्या बाजूनं येते आणि कापडाखाली शिरते. उजवीकडे बाहेर पडते तेव्हा ती भलत्याच उंचीवर असते. बाटली डावीकडे झुकलेली. टोपली ठोकळ्यावर अशी कलती ठेवलेली की सफरचंदं सांडायला हवीत. बिस्किटांची बशी एका बाजूनं समोरून दिसते आणि वरची बिस्किटं वरून दिसतात. आमच्याकडे असं काही छापून आलं असतं तर पहिला शब्द ऐकू आला असता, "रजिस्टर हललंय." म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसलेले नाहीत. हे चित्र १८९३ च्या आसपासचं, आणि सेझान क्वचितच सही करायचा, त्यानं यावर केली आहे. म्हणजे मालकानं तपासून, बरोबर आहे म्हणून शिक्का मारलेला.

बराच वेळ उभा राहिलो. जेव्हा फक्त बाटली बघितली तेव्हा बाटली सरळ वाटली. मग डोळा सफरचंदांवर घसरला आणि परत आला तेव्हा वाकलेली. त्यानं प्रत्येक वस्तू तिच्यापुढे जाऊन, तिच्यासाठी वेगळं डोकं वळवून बघितली आणि ती प्रत्येक नजर तशीच ठेवली. कॅमेरा एकच डोळा लावतो. माणूस टेबलाजवळ बसून सफरचंद घेताना एकच डोळा कुठे लावतो? आणि ती सफरचंदं! लाल, शेंदरी, पोपटी, पिवळ्या रंगाचे चपटे तुकडे शेजारीशेजारी. गोल करायला कुठेही रंग घोटलेला नाही. गरम रंग पुढे येतो, गार रंग मागे जातो आणि फळ गोल होतं. व्होलार नावाचा त्याचा व्यापारी, ज्यानं १८९५ मध्ये सेझानचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन लावलं, त्यानं लिहून ठेवलंय की आपल्या व्यक्तिचित्रासाठी तो ११५ वेळा बसला आणि शेवटी सेझान म्हणाला, शर्टाचा पुढचा भाग काही वाईट जमलेला नाही. असल्या माणसाचं प्रूफ पास करून घ्यायची वेळ आपल्यावर आली नाही, हे आपलं नशीब.

'बेडरूम' मी मुद्दाम शेवटी ठेवतो. आर्लमधल्या पिवळ्या घरातली विन्सेंट व्हॅन गॉगची झोपायची खोली. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यानं ती पहिल्यांदा काढली, डोळे दुखून अंथरुणात पडावं लागलं होतं तेव्हा. नंतर तो इस्पितळात असताना नदीला पूर आला, बंद घरात ओल शिरली आणि चित्र खराब झालं. भाऊ थिओनं सुचवलं, दुरुस्तीला देण्याआधी नक्कल करून ठेव. म्हणून सप्टेंबर १८८९ मध्ये सँ-रेमीच्या वेड्यांच्या इस्पितळात राहून त्यानं तेवढ्याच आकारात ती पुन्हा काढली. ही शिकागोची. तिसरी, लहान, आई आणि बहिणीसाठी. ती पॅरिसला ऑर्से म्युझियममध्ये आहे, पहिली ॲमस्टरडॅमला. पिवळं घर दुसऱ्या महायुद्धात बाँबनं गेलं.

चित्रात काय आहे? दणकट पिवळा पलंग, तांबडं पांघरूण, दोन खुर्च्या, हिरवी खिडकी, शेंदरी टेबल, त्यावर निळं तस्त. भिंतीवर त्याचीच चित्रं. मागची भिंत तिरकी आहे, आणि ती खरोखरच तिरकी होती. घराचा कोपराच तसा होता. सावली नाही कुठे. जपानी ठशांसारखे सपाट रंग हवेत, असं त्यानं ठरवलं होतं. आणि भिंती निळ्या. गार, फिकट, आकाशी निळ्या. या चित्राचं कॅलेंडर आम्ही एकदा छापलं होतं आणि निळा जुळवता जुळवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. त्या निळ्याकडे बघून मला नेहमी वाटायचं, किती एकटा होता हा माणूस. दोन खुर्च्या, दोन उशा, आणि कोणी नाही. लोकांनी या एकटेपणावर पानंच्या पानं लिहिली आहेत.

पण विन्सेंटनं थिओला लिहिलेलं पत्र आहे, खोलीतल्या एकेका वस्तूचा रंग सांगणारं. त्यात भिंती फिकट जांभळ्या आहेत. दारंही जांभळट. पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्याच्या पिवळ्या. आणि चित्र बघून डोक्याला, त्याहीपेक्षा कल्पनेला, विश्रांती मिळावी असा त्याचा हेतू आहे. जांभळा आणि पिवळा हे एकमेकांचे पक्के विरुद्ध. शेजारी ठेवले की दोघेही आपापल्या जागी गच्च बसतात. ही शेव्हरलचीच विद्या, आणि विन्सेंट ती रंगीत लोकरीच्या गुंड्या एकमेकींत पिळून तपासायचा. गुंड्यांची ती लाल डबी ॲमस्टरडॅमच्या म्युझियममध्ये आजही आहे.

मग निळा कुठून आला? भिंतींचा जांभळा निळ्यात लाल मिसळून केलेला, आणि तो लाल उडाला. एक कोचिनील किड्यापासून काढलेला लाल, आणि दुसरा इओसिनपासून बनवलेला, जिरेनियम लेक नावाचा. हे विन्सेंटचे लाडके लाल होते. इओसिन म्हणजे तोच पदार्थ, जो लाल शाईत पडायचा आणि पॅथॉलॉजीच्या काचेवर पेशी गुलाबी करायला आजही वापरतात. उजेड त्याला सहन होत नाही. निळा सहन करतो. शिकागोच्या रसायनतज्ज्ञांना रंगाच्या अगदी सूक्ष्म कणात, जिथे उजेड पोचला नव्हता त्या बाजूला, तो जांभळा शिल्लक सापडला. २०१६ मध्ये तिन्ही खोल्या इथे एकत्र आणल्या तेव्हा मूळ रंगांची संगणकी प्रतही दाखवली होती. त्याच वेळी शहरात त्या खोलीची हुबेहूब खोली उभारून रात्रीला १० डॉलरनं भाड्यानंही दिली होती. भिंती अर्थात निळ्या.

ती संगणकी प्रत मी मुलीच्या लॅपटॉपवर बघितली. भिंती जांभळ्या झाल्या आणि पलंग एकदम ऊबदार दिसायला लागला. शेंदरी टेबलाचा ओरडा कमी झाला. खोलीत कोणी तरी आत्ताच उठून स्वयंपाकघरात गेलंय असं वाटलं. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला विन्सेंटचं एकटेपण समजत होतो, त्यातला निदान अर्धा भाग उडालेल्या मॅजेंटाचा होता! मला राग आला, पण कोणावर ते ठरेना. माणूस खोली रंगवतो आपल्याला आराम पडावा म्हणून, रंग उडतो, आणि आपण त्या उडालेल्या रंगातून त्याच्या वेडाचं निदान करतो.

मुलीचं म्हणणं की मग जांभळी तीच खरी, म्युझियमनं भिंतीवर तीच लावावी. मला ते पटत नाही. त्या प्रतीत रंग बरोबर आहे पण रंगाचा थर नाही. समोरच्या चित्रात जमिनीवरचे फटकारे बोटाएवढे जाड आहेत, पलंगाच्या लाकडात ब्रशाच्या केसांच्या चरी आहेत, आणि त्या चरींत आज जो उजेड अडकतो तो खराच आहे. शिवाय विन्सेंटला हे होणार हे ठाऊक होतं. १८८८ च्या एप्रिलमध्येच त्यानं लिहिलं होतं की इम्प्रेशनिस्टांनी रूढ केलेले सगळे रंग कच्चे आहेत, म्हणून ते बेधडक भडक लावावेत, काळ त्यांना नको इतका मवाळ करणारच आहे. आणि एकदा म्हणाला होता, चित्रं फुलांसारखी कोमेजतात. आम्ही प्रेसवाले याला 'ड्रायबॅक' धरून छापणं म्हणतो. ओली शाई वाळली की दबते, म्हणून मशीनवर ती थोडी चढीच ठेवायची. त्यानं आमच्यासारखा एका रात्रीचा हिशेब केला नव्हता, वर्षानुवर्षांचा केला होता. फक्त लाल त्याच्या अंदाजापेक्षा जास्त गेला.

खाली दुकानात 'बेडरूम'चं मोठं प्रिंट होतं. भिंग काढलं, इथे कोणी अडवत नाही. भिंतीत सायन सढळ, मॅजेंटा जवळजवळ नाही. मूळ चित्रात आज जेवढा निळा आहे त्याहून निळा. कारण उघड आहे. लोकांच्या डोळ्यांत निळीच खोली बसली आहे, आणि जांभळट छापली तर गिऱ्हाईक परत आणून देईल, छपाई बिघडली म्हणून. चार रंगांत चांगला जांभळा काढणं तसंही जिवावर येतं. एक तर तो निळा होतो, नाहीतर वांग्यासारखा मळतो. मुलगी म्हणाली, "घ्यायचं का बाबा?" नको म्हटलं. आज कोणी मला या चित्राचं कॅलेंडर करायला दिलं तर मी भिंतीवर टांगलेलं चित्र समोर ठेवून, ते आज आहे तसंच जुळवीन, मॅजेंटा अर्धा टक्काही वाढवणार नाही. फक्त तारखांच्या वर, जिथे आपण स्टेशनरी दुकानाचं नाव आणि फोन नंबर टाकतो, तिथे पत्रातली ती यादी छापीन. भिंती जांभळ्या, पलंग लोण्यासारखा, चादर-उशा लिंबाच्या हिरवट, पांघरूण शेंदरी लाल, खिडकी हिरवी, टेबल नारिंगी, तस्त निळं, दारं जांभळट. नंबर मागच्या पानावर जाईल. गिऱ्हाईक कुरकुरेल, बघून घेऊ.